झिऱ्यावरची हरणं

मलकापूरच्या स्टेशन रस्त्यावर निवृत्तीचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर एक कारंजं आणि दोन मोर, पडद्यासमोर लाकडी खुर्ची. मागच्या खोलीत अंधार आणि फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास. लग्न ठरलेल्या मुली, नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असलेले पोरगे, कापसाचे अडते, सगळे त्या खुर्चीत येऊन बसत आणि बसल्याबरोबर लाकूड होत. बाहेर मैत्रिणींशी खिदळत उभी असलेली मुलगी आत आली की तिचा चेहरा कुलूप लावल्यासारखा बंद व्हायचा. "मोकळे बसा," असं निवृत्ती म्हणायचा, आणि माणसं आणखीच अंग आवळून घ्यायची. धंदा बरा चालत होता. पण आपल्या कॅमेऱ्यात जिवंत असं काही कधी आलंच नाही, असं त्याला वाटत राहायचं. हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

हरणांचं वेड त्याला लागलं ते अर्जुनरावाच्या वावरात. अर्जुनराव त्याचा शाळेतला सोबती. धामणगाव बढ्यापासून दोन कोस आत, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आणि गायरानाला लागून त्याचं वावर. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं त्या हिवाळ्यात निवृत्ती त्याच्याकडे हुरडा खायला गेला. शेकोटीभोवती बसले असताना गायरानातून हरणांचा कळप निघाला. पुढे माद्या, मागे पिळदार शिंगांचा एक काळवीट. कुणीतरी हाळी दिली आणि तो काळवीट उडाला. जमिनीवरून असा सुटला, की परत खाली टेकायचं आहे हे तो विसरला असावा. निवृत्तीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. पुढच्या खेपेला तो कॅमेरा घेऊन आला.

मग दर हिवाळ्यात येतच राहिला. त्याचा कॅमेरा एकावर एक अशा दोन भिंगांचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचा. लांबचं जवळ आणणारं भिंग मुंबईला मिळतं असं तो ऐकून होता, पण ते त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे जनावर जवळ यायला हवं. आणि हरणं हाकेच्या टप्प्यात माणूस आला की निघून जात. डोळ्यांना वाटायचं, हे काय, इथं तर आहेत. आणि फिल्म धुऊन पाहावं तर करड्या गवतात दहा-बारा ठिपके. त्याची बायको शालूबाई फोटो हातात घेऊन म्हणायची, "याच्यात हरीण कोणतं आणि माशी बसली ती कोणती, ते तरी सांगा."

अर्जुनरावानं त्याच्यासाठी वावराच्या कोपऱ्यात पराट्यांचं लपण करून दिलं. कपाशी वेचून झाली की उरलेल्या वाळल्या काड्यांच्या पेंढ्या गोल रचायच्या, मध्ये बसायला जागा, पुढे एक भोक. निवृत्ती पहाटेपासून त्यात बसे. हरणं बोरीपर्यंत येत, वारा फिरला की माना वर करत, आणि संपलं. अर्जुनरावाची आई अन्नपूर्णाबाई त्याला भाकर घेऊन यायची. सगळं गाव तिला माय म्हणायचं, तोही म्हणायचा. ती म्हणायची, "अरे, त्याईले तुह्या साबनाचा वास येते ना बाप्पा. आंग धुऊन काऊन येतं तू?" निवृत्तीनं तेही करून पाहिलं. दोन दिवस आंघोळ न करता बसला. हरणं तरी आली नाहीत.

असे दहा-बारा हिवाळे गेले. मग दुष्काळ आला.

आदल्या वर्षीचा पाऊस अर्धामुर्धा होता, बहात्तर साली तोही झाला नाही. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या. पेरलेलं बी जमिनीतच भाजलं. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसले. मलकापूरच्या स्टेशनावर पोतीच्या पोती लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, उतरू लागली, आणि खेड्यापाड्यांत खडी फोडायची सरकारी कामं निघाली. ज्यांच्या घरी वर्षाचे सालदार असत ते पाटील-देशमुखही तोंडाला उपरणं गुंडाळून हातोडी घेऊन बसले. लग्नं पुढे ढकलली गेली. निवृत्तीच्या खुर्चीवर धूळ साचली.

होळीच्या जरा आधी अर्जुनराव स्टुडिओत आला. बैलजोडी गुरांच्या छावणीत सोडून तो परत निघाला होता. आत आला आणि गिऱ्हाइकाच्याच खुर्चीवर टेकला. निवृत्तीनं त्याला आधी ओळखलं नाही. गालाची हाडं वर आली होती आणि सदरा दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा लोंबत होता. शालूबाईनं चहा आणि दोन पोळ्या आणून ठेवल्या. त्यानं एक खाल्ली, दुसरीची घडी करून खिशात घातली.

"हरनं येऊन राह्यले," तो म्हणाला.

"कोठी?"

"झिऱ्यावर. गावची हीर आटली ना. तं म्या नाल्याच्या रेतीत खड्डा खनला. पाझरते थोडं थोडं. सारं घर त्याच्यावरच हाय. माय काठी घेऊन बसते दिवसभर, कोनी नेऊ नये म्हनून. पन हरनं काई हटत नाईत. मानूस बसेल असला तरी येतात. या भिंतीइतके जवय."

निवृत्तीनं भिंतीकडे पाहिलं. कारंजं, दोन मोर. खुर्चीपासून भिंत, भिंतीपासून कॅमेरा. त्याचं मन भराभर अंतर मोजायला लागलं. "उद्याच येतो," तो म्हणाला. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण याच्या घरचं काहीच विचारलं नाही.

"सुभद्रावहिनी कशा हायत?"

"दिवस भरत आले तिचे," अर्जुनराव म्हणाला. "काल-परवालोक खडी फोडत होती. आता घरीच ठेवली."

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं धामणगाव बढ्याला उतरून निवृत्ती चालत निघाला. वाटेत पानं असलेलं झाड दिसलं नाही; माणसांनी खालची पानं ओरबाडून गुरांना घातली होती आणि वरची उन्हानं नेली होती. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, आणि ढिगांमागे बसलेली माणसं. त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. नुसता हातोड्यांचा आवाज येत होता, ठक, ठक, कुणाचाच कुणाशी मेळ नसलेला.

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत कमरेइतका खोल खड्डा. तळाशी ताटाएवढं पाणी. ते वाटीनं घागरीत भरायचं, मग पुन्हा साचेपर्यंत थांबायचं. काठावर अन्नपूर्णाबाई बसली होती, मांडीवर काठी. तिच्या शेजारी एक फुटकं घमेलं होतं, त्यात दोन बोटं पाणी.

"हे कशाले, माय?" निवृत्तीनं विचारलं.

"त्याईचं हाय ते. लेकराले कसं आपल्या पुढचं ताट देतो, तसं. दिवस बुडायच्या वक्ती ठेवतो. नाई ठेवलं तं खड्ड्यात उतरतात, मंग निघता येत नाई त्याईले." तिनं पलीकडच्या काठाकडे हनुवटीनं खूण केली. "पाह्य. आतापासूनच येऊन उभे हायत."

निवृत्तीनं पाहिलं. पलीकडच्या दरडीवर, पळसाच्या खराट्याखाली सात-आठ हरणं उभी होती. इतकी जवळ त्यानं ती कधी पाहिली नव्हती. त्यांच्या कानांच्या कडा दिसत होत्या, आणि काळविटाच्या शिंगांवरचे पीळ मोजता आले असते.

"येवढे साल तू येत राह्यला, तं नाई आले," म्हातारी म्हणाली. "आता आले, तं पाहावत नाई."

पण निवृत्तीला पाहावत होतं. त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. संध्याकाळी हरणं घमेल्यावर आली तेव्हा त्यानं काचेत पाहिलं, आणि त्याला घमेलं खटकलं. मग काठी खटकली, म्हातारीचं लुगडं खटकलं, वाळूतली घागरीची वर्तुळं खटकली. त्याला रानातली हरणं हवी होती, रानात असतात तशी, माणसाची खूण नसलेली. रात्री जेवताना त्यानं अर्जुनरावाला सांगितलं, "सकायी सकायी तिथं कोनीच नको. झिऱ्याची एक कड उतरती करू, म्हंजे त्यांना खाली यायला जमेल. दहा पावलांवर लपण बांधू. दोन-चार दिवस तसंच पाणी राहू दे. एकदा सवय झाली, की मग मी बसतो."

"पानी उघडं सोडू नोको, बाप्पा," अन्नपूर्णाबाई चुलीपासून म्हणाली.

"चार दिवसाचा तं सवाल हाय, माय," अर्जुनराव म्हणाला. "येवढे वर्सं झाले, लेकाची येक हौस पुरी होत नाई."

सुभद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. पोट इतकं पुढे आलेलं आणि हात इतके वाळलेले, की ती दोन वेगळ्या बायकांची अंगं जोडल्यासारखी दिसे. ती हसून म्हणाली, "भाऊजी, मंग माहा बी येक फोटो काढजा. लग्नापासून येकबी नाई काढला."

"हो, काढू की," निवृत्ती म्हणाला.

झिऱ्याची कड त्यानं आणि अर्जुनरावानं फावड्यानं उतरती केली. पराटी अर्जुनरावाच्या घरची, जळणासाठी ठेवलेली. लपण आतापर्यंतच्या सगळ्या लपणांत उत्तम झालं. पहिल्या सकाळी हरणं बराच वेळ थबकली, मग एकेक करून उतरली आणि प्यायली. दुसऱ्या सकाळी थबकली नाहीत. निवृत्ती नुसता बसून राहिला, कॅमेऱ्याला हात लावला नाही. आणि तिसऱ्या सकाळी अर्जुनरावही त्याच्या शेजारी लपणात येऊन बसला.

सूर्य दरडीवर आला आणि उजेड तिरपा वाळूवर पडला. काळवीट सरळ समोर आला. काचेत उजव्याचं डावं दिसतं, त्यामुळे तो आला एका बाजूनं आणि काचेत शिरला दुसऱ्या बाजूनं, आणि सगळी काच त्यानं भरून गेली. निवृत्तीनं भिंग जुळवलं. खटका दाबला. त्या आवाजानं काळविटानं मान वर केली. हनुवटीवरून पाण्याचे थेंब गळत होते. तो लपणाच्या भोकाकडे पाहत राहिला आणि पळाला नाही. निवृत्तीनं फिल्म पुढे ओढली, पुन्हा दाबलं. पुन्हा. शेवटी शेवटी तो गुडघ्यांवर उभाच राहिला, डोकं पराट्यांच्या वर आलं, तरी काळविटानं एकदा पाहिलं आणि तोंड पाण्यात घातलं. निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, अखेर ओळखलं मला.

"हात लावला तरी उभे राहतीन," अर्जुनराव हलक्या आवाजात म्हणाला.

निवृत्ती आनंदानं हसला. रीळ तिथंच संपलं. सुभद्राबाईच्या फोटोची आठवण त्याला एस.टी.त बसल्यावर झाली.

घरी आल्याबरोबर तो अंधाऱ्या खोलीत शिरला. फिल्म धुतली, वाळवली, एक फोटो निवडून मोठा केला. ताटातल्या पाण्याखाली कागदावर काळवीट हळूहळू वर येताना पाहून त्याला शालूबाईला हाक मारल्याशिवाय राहवलं नाही. ती पीठमाखल्या हातांनी आली. लाल दिव्यात वाकून तिनं बराच वेळ पाहिलं.

"हा बिमार हाय का?" ती म्हणाली.

"बिमार? कोन म्हणतं?"

"बरगड्या पाहा ना त्याच्या. आणि डोळ्यांत घाण साचली आहे. माझ्या बापाकडचा बैल मरायच्या आधी असाच उभा राहायचा. हलायचाच नाही."

निवृत्तीनं पाहिलं. आता त्याला बरगड्या दिसल्या. मागच्या पुठ्ठ्यांची हाडं कातड्यातून टोचत होती. पुढच्या पायांची ढोपरं पाण्याकडे वाकताना एकमेकांना टेकली होती, पडू नये म्हणून. तीन सकाळी त्यानं याच जनावराकडे पाहिलं होतं, नजर न हलवता, आणि यातलं काही त्याला दिसलं नव्हतं. त्यानं फोटो चिमट्यानं उचलून दोरीवर लावला आणि दिवा बंद करून तसाच उभा राहिला.

तरी त्यानं तो फोटो चौकट करून दर्शनी काचेत लावलाच. तो त्याच्या हातून झालेला सगळ्यात चांगला फोटो होता, ते खोटं नव्हतं. रस्त्यावरून जाणारे थांबत. बँकेतला एक कारकून म्हणाला, "अगदी जिवंत वाटतो हो." निवृत्तीनं मान हलवली.

पंधरा-वीस दिवसांनी त्यानं अर्जुनरावासाठी एक प्रत काढली. शालूबाईनं वहिनी बाळंत झाली असेल म्हणून गूळ, थोडं तूप, खारका आणि पायलीभर ज्वारी बांधून दिली. कॅमेरा त्यानं बरोबर घेतला नाही. ओझं बरंच झालं होतं, आणि हरणांचे फोटो आता काढायचे नव्हते.

नाल्याजवळ पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. झिऱ्यावर म्हातारी नव्हती. लपण मोडून पडलं होतं, पराट्या वाळूत इतस्ततः. उतरत्या कडेवर वाळू काळी पडली होती आणि तिच्यावर माश्या होत्या. थोड्या अंतरावर दगडांचं चुलाण दिसलं, मग आणखी एक. पळसाखाली कुणी नव्हतं. निवृत्ती दरड चढून वर गेला, गायरानाकडे डोळ्यांवर हात धरून पाहत राहिला. डोंगरापर्यंत नुसती तापलेली जमीन होती.

घरी ओट्यावर अन्नपूर्णाबाई पाठ करून बसली होती. त्यानं "माय" म्हटलं, ती वळली नाही. आतून तान्ह्या मुलाचं रडणं आलं, इतकं बारीक, की मांजराचं पिल्लू असावं. अर्जुनराव रिकाम्या गोठ्यातून बाहेर आला.

"पोरगा झाला," तो म्हणाला.

"हरणं कोठी हायत?"

अर्जुनराव दावणीजवळच्या दगडावर बसला. बैल नव्हते तरी त्यानं गोठा झाडून ठेवला होता.

"कोन मारले?" निवृत्तीनं विचारलं.

"पयलं म्या."

निवृत्ती त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"तिले दूध येत नव्हतं," अर्जुनराव म्हणाला. "मिलोची भाकर आन पानी, कोठून येईन? सुईन म्हने, बाईच्या पोटात काई कसदार जाऊ द्या. म्या कोठून आनू? पोरगा निरा चोखे आन रडे. मंग म्या लपनात जाऊन बसलो. तू बसे, तसाच. कुऱ्हाड घेऊन." तो थांबला. "येक हरनी आली. पानी पेऊ लागली. मी उभा राह्यलो. माह्याकडं पाह्यलं तिनं निवृत्ती, आन पुन्हा तोंड खाली घातलं."

"मग?"

"मंग काय. घरात शिजलं, तं वास गेला. गावात होळीलेबी कोन्या घरी काई शिजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खडीवरचे सारे आले, काठ्या घेऊन. पयालेच नाईत रे ते. दोन पयाले, ते बी नाल्यातच पडले. काळवीट तं जागचा हलला नाई."

"तू त्यांना अडवलं नाईस?"

"कोन्या तोंडानं अडवू? माह्या चुलीवर मटनाचा गंज तसाच होता."

निवृत्तीला ओरडायचं होतं. कुणावर, ते त्याला कळेना. "लपण मी बांधायला लावलं," तो म्हणाला. "मायला मीच उठवलं तिथून."

"पराटी माहीच होती," अर्जुनराव म्हणाला. निवृत्तीनं कागदात गुंडाळलेला फोटो पुढे केला. अर्जुनरावानं तो उलगडून एकदा पाहिला आणि परत दिला. "घरात नोको. माय पाहीन. ती काई खाऊन नाई राह्यली नीट. म्हणते, ज्याईले माह्या हातानं पानी पाजलं, ते तुमी माह्या घरात शिजवले."

तेवढ्यात सुभद्राबाई दारात आली. चेहरा पांढरा पडला होता, पण ती हसत होती. हातात लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं मूल.

"भाऊजी, याचा फोटो काढा ना."

"कॅमेरा नाही आणला वहिनी."

"अगं माय! मंग कवा येसान?"

"येतो. पुढच्या आठवड्यात येतो."

"पाहा तरी याले." तिनं दोन पावलं पुढे येऊन मूल उन्हात धरलं, चिंधी बाजूला केली. "चोखते आता चांगलं."

"छान हाय," निवृत्ती म्हणाला. त्याची नजर तिच्या खांद्यावरून नाल्याकडे गेली होती. शालूबाईनं दिलेलं गाठोडं त्यानं ओट्यावर ठेवलं आणि निघाला. म्हातारी शेवटपर्यंत वळली नाही.

मलकापुरात आल्यावर त्यानं काचेतला फोटो काढून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. कुणी विचारलं तर म्हणे, उन्हानं पिवळा पडत होता. त्याचं कामात लक्ष लागेना. छावणीच्या कार्डासाठी फोटो काढायला लोक येत, त्यांचे काढून द्यायचा. पण काचेत मान खाली घातली की समोर बसलेल्या माणसाच्या हाडांकडे त्याचं लक्ष जाई आणि तो चटकन खटका दाबून मोकळा होई. आठवडा गेला. शालूबाई म्हणाली, "त्या पोराचा फोटो काढायचा होता ना? तिनं तुम्हाला तोंडानं मागितला." "जातो," तो म्हणाला. पण तिकडे जायचं म्हणजे नाला ओलांडायचा, दरडीवरून गायरान दिसणार, म्हातारीची पाठ दिसणार. पुढच्या बाजाराला जाऊ. त्याच्या पुढच्या बाजाराला जाऊ. मधल्या दिवसांत ऊन आणखी तापलं.

शेवटी चैत्र संपता संपता तो गेला. कॅमेऱ्यात नवं रीळ होतं. बाजारातून त्यानं कुंची घेतली होती, हिरव्या रेशमाची, मुलाच्या फोटोसाठी. नाला ओलांडताना त्यानं मान वर केली नाही.

ओट्यावर अन्नपूर्णाबाई होती. या वेळी ती वळली, आणि तिनं त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आता कशाचा काढतं फोटो?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कुंचीचा पुडा पिशवीत खाली सारला.

"हगवन लागली," म्हातारी म्हणाली. "झिऱ्याचं पानी गदूळ झालं होतं. दोन दिवसात गेलं."

अर्जुनराव कामावर गेला होता. सुभद्राबाई आत चुलीजवळ बसली होती. निवृत्ती उंबऱ्याच्या आत येऊन टेकला. तिनंच तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. गढूळ होतं, तरी तो ते प्यायला.

"मी यायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

तिनं ते ऐकलं न ऐकलं. तिचे हात पदराची कड पिळत होते.

"भाऊजी, तुमी त्या दिवशी पाह्यलं ना त्याले? म्या उनात धरलं होतं."

"हो."

"मंग सांगा ना, कसं होतं त्याचं तोंड? मले नाक आठवते. डोये आठवतच नाईत. लय आठवून पाह्यते. यायले विचारलं, तं हे बोलतच नाईत, उठून जातात. माय रडते." तिनं त्याच्याकडे तोंड केलं. "तुमी फोटोवाले. तुमची नजर पक्की राह्यते. कोनावर गेलं होतं ते? यायच्यावर का माह्यावर?"

निवृत्तीनं डोळे मिटले आणि त्या दुपारकडे परत जाऊन पाहिलं. दार, ऊन, तिचे पुढे आलेले हात. चिंधीचा रंग जांभळा होता, कड उसवलेली होती. चिंधीत मूल होतं. त्याच्या तोंडाच्या जागी काहीच येईना. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. काळविटाच्या डोळ्याखालची काळी रेघ आली, हनुवटीवरचे थेंब आले, कानाची फाटलेली कड आली, शिंगांचे पीळ एकेक करून आले.

खोटं सांगता आलं असतं. अर्जुनरावावर गेलं होतं, असं म्हटलं असतं तरी तिचं त्या दिवसापुरतं भागलं असतं. त्यानं तोंड उघडलं. "वहिनी," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला सापडला नाही.

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग गावातून टँकर आल्याची हाकाटी ऐकू आली. सुभद्राबाई उठली, कोपऱ्यातून घागर घेतली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्याच्या बाजूनं बाहेर निघून गेली.